तळहातावरचा ठाणेदार

शेजारच्या यमुताईला इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला लकवा मारला.

एप्रिलमधली दुपार होती. लग्नसराईचे चौदा ब्लाउज माझ्या उरावर होते आणि मी मागच्या खोलीत मशीनवर बसले होते. माझी मशीन खिडकीला लागून आहे. खिडकीबाहेर छातीएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे यमुताईचं मागचं अंगण. अंगण म्हणायचं आपलं, आहे आठ फुटांची पट्टी. एक सीताफळाचं झाड, कपडे धुवायचा दगड, सिमेंटची पाण्याची टाकी आणि खिडकीत बसवलेला कूलर. त्या कूलरजवळ ही बाई उजवा हात पुढे करून उभी. तोंड किंचित उघडं, पापणीसुद्धा हलेना. मी एक बाही जोडून वर पाहिलं, तरी तशीच. दुसरी जोडली, तरी तशीच. नागपूरच्या उन्हात माणूस उभ्या उभ्या कोसळतो हे मी पाहिलेलं आहे, म्हणून मशीन सोडून ओरडले, "यमुताई! वं यमुताई! काय झालं वं?"

भिंतीवरून काहीतरी सर्रकन सीताफळावर पळालं. मी तिचं उकळतं दूध सांडल्यासारखं यमुताईनं माझ्याकडे पाहिलं.

"अकरा दिवस झाले, कुसुमताई. आज पयल्यांदा तो हातापर्यंत आला होता. तुमाले आजच ओरडाचं होतं?"

तो म्हणजे सरडा. मानेपासून छातीपर्यंत लालभडक, पाठीवर काट्यांची रांग, आणि झाडावर बसून आमच्याकडे बघत जोर काढणारा. आमच्या लहानपणी असा लाल मानेचा सरडा दिसला की पोरं दगड घेऊन धावायची. तो लांबूनच माणसाचं रक्त ओढतो, म्हणून मान लाल होते, असं सगळे सांगायचे. मीही तेच तिला सांगितलं.

"माह्या अंगात रक्त राह्यलं कोठी त्याले प्याले," ती म्हणाली आणि हसली. छप्पन वर्षांची बाई, पण हसली की समोरच्या पडक्या दातामुळे लहान पोरीसारखी दिसते.

तिच्या नवऱ्याबद्दल सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकणार नाही. रुपरावजी कळमन्याच्या बाजारात मापारी होते. चौतीस वर्षं काट्यापाशी उभं राहून त्यांनी पोत्यांची मापं घेतली. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमधली सगळी वस्ती त्यांना सज्जन म्हणते आणि माझा राग तिथूनच सुरू होतो, कारण सज्जन माणसाची तक्रार करायची तरी कुणाकडे? ते निवृत्त झाले त्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीत मोटारसायकलवाल्यांनी एका बाईच्या गळ्यातली पोत ओढून नेली. दुसऱ्या दिवशी रुपरावजींनी फाटकाला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. बाजारातली पोती सुटली तसे हे बायकोची पावलं मोजायला लागले.

दळण आणायला जाऊ का? "मी आणतो ना." भाजी? "मी आणतो." साडी घ्यायची, तर दुकानातून चार साड्या घरी आणून समोर ठेवायचे, आवडेल ती घे. डॉक्टरलासुद्धा एकदा स्कूटरवर बसवून घरीच आणलं. यमुताईला कशाची म्हणून कमी नव्हती. पुण्याहून तिची मुलगी दिपाली फोनवर सांगायची, "आई, बाबांना काळजी वाटते गं तुझी, बाकी काही नाही." बायका मला सांगायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मला वाटायचं, घ्या मग, चार दिवस तुम्हीच वापरून बघा.

आणि ही काही जन्माची घरकोंबडी नव्हे. रुपरावजी पहाटे बाजारात जायचे त्या काळात हीच बाई बसनं एकटी उमरेडकडच्या शेतावर जाऊन यायची, मजुरांशी भांडायची. तीन वर्षांत पार बदलली. संक्रांतीला हळदीकुंकवासाठी मी एकदा फाटक चुकून उघडं राहिलेलं बघून तिचं मनगट धरलं आणि ओढतच बाहेर काढलं. दोन घरं ओलांडली असतील नसतील, तिला दरदरून घाम फुटला. हात सोडवून घेऊन ती परत पळाली. मी भर रस्त्यात तिला म्हटलं, "तुलेच नाई जाचं कुठं!" आज ते आठवलं की माझीच जीभ माझ्या कात्रीनं कापावीशी वाटते.

तर पुढचं दार कुलपात, म्हणून ती मागच्या पट्टीत यायची. कूलर सुरू झाला की त्याच्या वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकतं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. तो सरडा आ वासून त्या थेंबाखाली येऊन बसायचा. यमुताईनं आधी दगडावर एक नाकतोडा ठेवला आणि ती तीन हात लांब बसली. मग दोन हात. मग एक. मग नाकतोडा दगडावरून तळहातावर आला. त्यात माझ्या ओरडण्यानं पाच दिवस वाया घालवले ते वेगळेच. मे महिन्यात मात्र तो बोटांवर पुढचे दोन पाय टेकवून खायला लागला. त्याचा तोरा बघून तिनं त्याचं नाव ठाणेदार ठेवलं. मागून एक भुरकट मादी यायला लागली, ती बारकी.

मीही एकदा भिंतीवरून हात पुढे केला. ठाणेदारानं माझ्याकडे पाहिलं, दोन जोर काढले आणि पाठ फिरवली.

"तुमचा हात आतून पळून राहिला, कुसुमताई. त्याले समजते. न् बोटं सैल ठेवा. मूठ मिटाची नाई. एकडाव मिटली का मंग तो जन्मात येत नाई."

रोज किडे कुठून आणायचे? इथं यमुताईनं जे केलं त्याला मी आजही मनातल्या मनात टाळ्या वाजवते. रुपरावजींची शान एकच, की आपल्या घरच्या धान्याला कधी कीड लागत नाही. गहू उन्हात वाळवणार, कडुनिंबाचा पाला घालणार, कोठीचं झाकण स्वतः लावणार. त्या माणसाच्या घरात हिनं काचेच्या बरणीत दोन मुठी बेसन आणि कोंडा घालून मुद्दाम अळ्या पाळल्या. बरणी कूलरच्या स्टँडमागे लपवली. झाकणावर नखानं टकटक केलं की ठाणेदार टाकीवरून धावत यायचा.

जुलैमध्ये एकदा मी ब्लाउजची काजं करत बसले होते आणि ती टाकीला टेकून त्याच्याकडे बघत होती. "कुसुमताई, तुमी पायलं का? या सीताफळापासून त्या टाकीपर्यंत. तितकंच. त्याच्यापुढं तो जातच नाई. त्याले तर कोणी कुलूप नाई लावलं."

"त्याले लागतच तितकं असन," मी म्हटलं.

"हो. त्याले तितकं पुरते," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये धर्मेंद्र आला. आमच्याकडची सगळी लोखंडी दारं-खिडक्या तोच करतो. टेप घेऊन तो यमुताईच्या मागच्या पट्टीत फिरायला लागला तशी मी मशीन थांबवली. आमच्या मधली भिंत वाढवायला मी रुपरावजींना कधीच नकार दिला होता, माझ्या मशीनचा उजेड जातो म्हणून. तेव्हा त्यांनी आता आपल्या बाजूनं उभी जाळी, वरून आडवी जाळी आणि त्यावर टिनाचे पत्रे टाकायचं ठरवलं. खाली फरशी. सीताफळ आडवं येतं, ते तोडायचं. पोळा झाला की काम सुरू.

यमुताई भांडली नाही, तिला नवऱ्याशी भांडता येत नाही. तिनं फक्त एकेक कारण पुढे केलं. मला सगळं ऐकू येत होतं.

"कपडे कोठी वाळतीन?"

"वाळवाची मशीन घेऊ ना."

"सीताफळ खाले भेटते आपल्याले."

"मी टोपलंभर आणतो बाजारातून, पायजे तेवढे."

"मले हवा लागते वं तिथं... हवा लागते मले," तिच्या तोंडून नवऱ्याशी बोलताना बायकांना लावायचं 'वं' निघून गेलं, इतकी ती गडबडली होती.

"पंखा लावून देतो," रुपरावजी म्हणाले, आणि अगदी प्रेमानं म्हणाले. संध्याकाळी ती भिंतीपाशी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्या माणसाकडे तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. दागिना नाही, देवदर्शन नाही. उघडी आठ फूट जमीन, बस. आणि त्यानं बदल्यात मशीन, टोपलंभर सीताफळं आणि पंखा देऊ केला होता.

पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लागल्या, आमच्याकडे त्यांना मेढे म्हणतात. यमुताई स्वयंपाकघरात पुरण घोटत होती. रुपरावजी जाळीसाठी कूलरचं स्टँड सरकवायला मागे गेले. स्टँडमागे हात घातला तर हाताला बरणी लागली. त्यांनी ती उजेडात धरली. बेसनात वळवळ. मापाऱ्याचा चेहरा असा झाला, जणू आयुष्यभराची पोती एकदम उलटी झाली.

"यमू! हे काय होय वं?" असं म्हणत त्यांनी अळ्या जिवंत आहेत का ते बघायला झाकणावर बोटानं वाजवलं. टकटक.

ठाणेदार टाकीवरून निघाला. भिंत, स्टँड, आणि तिसऱ्या उडीत थेट रुपरावजींच्या हातावर. "अंगावर आला!" ते ओरडले आणि हात झटकला. दगडावर कपडे धुवायची मोगरी पडली होती, ती त्यांनी उचलली. ठाणेदार खाली पडला होता, पण पळाला नाही. मान वर करून तो त्या हाताकडे बघत उभा राहिला. मी खिडकीतच होते. पहिल्या दिवशी उगाच कोकलले होते, आज आवाज फुटला तोवर मोगरी खाली आली होती.

यमुताई पुरणाचा चमचा हातात घेऊन दारात आली. रुपरावजी खरोखर घाबरले होते. "चावला असता. तुले चावला असता तर?"

"तो चावत नाई."

"तुले काय माहीत?"

"मी रोज त्याले हातानं चारते. कूलर लावला तवापासून."

ते दगडावर बसले. तिच्या हाताकडे बघत राहिले. "मंग मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा? कुठं चालली, इतकंच इचारता. मी कुठंच चालली नव्हती."

तिनं त्याला सीताफळाखाली पुरलं. मग हात धुतले आणि पुरणपोळ्या केल्या, कारण सण होता. दुपारी भिंतीपाशी आली तेव्हा मला वाटलं आता रडेल, पण ती विचार करून बोलत होती. "चूक माहीच होय, कुसुमताई. हात म्हणजे खाऊ, इतकंच मी त्याले शिकवलं. हातात दुसरंबी काही राहू शकते, ते सांगाचं राहून गेलं." थोडं थांबून म्हणाली, "माह्यंबी तसंच झालं ना वं. साडी हातात, भाजी हातात, दवाई हातात. मी खात गेली."

मला रडू आवरलं नाही. मी शिवत असलेल्या कुणाच्या तरी ब्लाउजलाच डोळे पुसले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारचे मेढे काढून वस्तीबाहेर टाकायचे असतात. तिकडे शहरात पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतींच्या, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांच्या, मिरवणुका निघतात, इकडे आमच्या लेआउटमध्ये खेड्यांतून आलेलीच घरं जास्त, त्यामुळे आम्ही अजून फांद्या घेऊन नाल्यापर्यंत ओरडत जातो. घरात जे नको असेल त्याचं नाव घ्यायचं आणि मारबतीला सांगायचं, घेऊन जा. फांदी नाल्यात टाकायची आणि परत यायचं. यमुताईच्या घरून दरवर्षी रुपरावजी जायचे आणि ती फाटकाच्या आत उभी राहायची. घरातली पीडा बाहेर जायची म्हणून तेवढी एक सकाळ ते फाटक उघडं टाकायचे.

त्या सकाळी त्यांनी कुलूप काढलं आणि चपला घालायला ते आत गेले. बाहेर आले तर मेढे नव्हते आणि यमुताईही नव्हती.

आम्ही सगळ्या नाल्याच्या रस्त्याला लागलो होतो. "ढेकूण-मोंगसे घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा गे मारबत!" चाललं होतं. मागून यमुताई आली. अनवाणी, दोन्ही फांद्या छातीशी धरलेल्या, कपाळ घामानं थबथबलेलं. ती माझ्या बाजूला येऊन चालायला लागली. मी तिला हात लावला नाही. नाल्याच्या पुलापाशी सगळे थांबले आणि एकदम तिचा आवाज लागला. जाळीचं ठरलं तेव्हापासून बसलेला, फाटका आवाज.

"कुलूप घेऊन जा गे मारबत!"

चारदोन जणी हसल्या. मग कुणी हसलं नाही.

"जाळी घेऊन जा गे मारबत!"

एका म्हाताऱ्या बाईनं तिच्यामागून "घेऊन जा!" म्हटलं. मग मी म्हटलं, मग सगळ्यांनीच म्हटलं. मागे रस्त्याच्या कडेला रुपरावजी येऊन उभे होते. त्यांच्याकडे न बघता यमुताईनं फांद्या नाल्यात टाकल्या आणि शेवटचं अगदी हळू म्हणाली, ते बहुतेक मी एकटीनं ऐकलं. "माह्यं भेव घेऊन जा गे मारबत."

परत येताना रुपरावजी पुढे गेले आणि उघड्या फाटकात कुलूप हातात घेऊन उभे राहिले. "यमू, आत ये." ती फाटकाबाहेर थांबली. उजवा हात पुढे केला, तळहात वर, बोटं सैल. मला ते उभं राहणं ओळखीचं होतं.

"लोक पाहून राह्यले," ते म्हणाले. ती हलली नाही. ते आत गेले, पुन्हा बाहेर आले. एक पाऊल पुढे, थांबले, मान वळवून गल्लीत पाहिलं, मागे सरले. ऊन वर आलं. माझ्या घरी चहा आटून गेला असणार, पण मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी करदोडा चाचपला, गाठ सोडायला त्यांना खूप वेळ लागला, आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"मूठ मीट, पडन."

"राहू द्या," यमुताई म्हणाली. "तुमाले वापस घ्यावी वाटली तर दिसली पायजे."

रुपरावजी तिच्या हाताकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. त्या माणसावर मी तीन वर्षं जळफळले, पण तेव्हा मला त्यांची दया आली, हे कबूल केलं पाहिजे. ते आत पाणी प्यायला गेले. किल्ली तिच्या हातावरच राहिली.

आता ती किल्ली त्यांच्या दाराआडच्या खिळ्यावर टांगलेली असते. जाळीचं काम 'दिवाळीनंतर पाहू'वर गेलं आहे. सीताफळाला फळं धरलीत आणि बारकी अधूनमधून टाकीवर दिसते, पण यमुताई तिला आता हातानं चारत नाही. दगडावर ठेवते आणि लांब बसते.

तुम्हाला वाटेल, झालं, सुटली बाई. मलाही तसंच वाटलं होतं. आठ दिवसांनी तिनं ठरवलं, मनीषनगरला माझ्याबरोबर अस्तराचं कापड घ्यायला यायचं. नवी साडी, हातात पिशवी, कुलूप तिनं स्वतः काढलं. रुपरावजी ओट्यावर बसून होते, त्यांनी कुठं चालली हेसुद्धा विचारलं नाही. आम्ही नाल्याच्या पुलापर्यंत आलो. पलीकडे ऑटो उभे राहतात. पुलाच्या अलीकडच्या टोकाला यमुताईचे पाय थांबले.

मारबतीनं कुलूप नेलं होतं, भेव तेवढं ठेवून गेली होती.

"कुसुमताई," ती म्हणाली, कपाळावर तोच घाम. "कोणी बांधलं नाई वं मले. पाय जात नाईत."

माझा हात आपोआप तिच्या मनगटाकडे गेला होता. तो मी मागे घेतला. तिच्यापासून हातभर अंतरावर पुलाच्या कठड्याला टेकले आणि बोटं सैल सोडली. पलीकडून ऑटोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, "मावशी, येता का?" म्हणून विचारलं आणि निघून गेला. मग दुसरा आला. आम्ही उभ्याच होतो.